पाणपोईवरच्या तबकड्या

मराठवाड्यातून परतल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? लेणी? नाही. उदगीरचा किल्ला? एस.टी.च्या खिडकीतून, तोही लांबून. मग एवढ्या उन्हात, दुष्काळात, रजा टाकून गेलात कशाला? विचारणाऱ्याला दोन मिनिटांत ऐकायचं असतं आणि मला दोन मिनिटांत सांगता येत नाही. सांगायला लागले की आवाज चढतो. मग समोरचा म्हणतो, अहो चिडता काय, सहज विचारलं. म्हणून सगळं एकदा लिहून काढते. ज्याला सहज विचारायचं असेल त्याने हे वाचावं.

मी पुण्यात जुन्या चित्रपटांच्या एका संग्रहात काम करते. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या पुसायच्या, वाजवायच्या आणि टेपवर उतरवून घ्यायच्या, हे माझं काम. रेडिओवर मला एकदा थोडा वेळ बोलायला मिळाला होता, तेव्हा मी 'शिवेवरची राणी'बद्दल बोलले. हा मूकपटांच्या अगदी शेवटच्या दिवसांतला मूकपट. बोलपट येणार आणि आपलं दुकान बुडणार हे दिसू लागल्यावर मुंबईच्या एका कंपनीने मधला मार्ग काढला. पात्रं बोलायची नाहीत, पण चित्राबरोबर वाजवण्यासाठी सहा मोठ्या तबकड्या काढल्या. राणी घोड्यावर बसली की तबकडीतून टापा ऐकू यायच्या, ढग आले की गडगडाट व्हायचा, लढाईला वाद्यं वाजायची. पुढे चित्रपट हरवला आणि तबकड्याही हरवल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

रेडिओवरचं ऐकून बिलोली तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक थेट आमच्या कचेरीत आले. सोनकांबळे गुरुजी. पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणं हळू. ते म्हणाले, "मॅडम, त्या शिनेमातली हलगी माझ्या वडलांनी वाजवली. त्यांचं वय झालंय, कानही चाललेत. आपलं वाजवणं त्यांनी एकदाही ऐकलं न्हाई. तेवढं त्यांना ऐकवायचंय." आमचे साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, आज हलगीवाल्याचा मुलगा आला, उद्या ताशेवाल्याचा पुतण्या येईल. गुरुजींसमोर म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

नांदेड

स्टेशनवर गुरुजी घ्यायला आले होते. माझ्याबरोबर पत्र्याची पेटी होती. त्या मोठ्या तबकड्या साध्या ग्रामोफोनवर मावत नाहीत आणि फिरतातही सावकाश, म्हणून मी स्वतः जुळवलेलं विजेवर चालणारं यंत्र त्या पेटीत होतं. पेटी जड होती. गुरुजींनी एका कडीला हात लावला, मी दुसऱ्या, आणि आम्ही लॉजवर पोचलो.

लॉजच्या मॅनेजरने माझ्याकडे, मग गुरुजींकडे, मग पेटीकडे पाहिलं आणि मालक मागून येणार का, असं विचारलं. मालक म्हणजे माझा नवरा. मी म्हटलं, मालक नाही, मीच आहे. त्याने खोली दिली, पण दिवसाला एक बादली पाणी मिळेल, त्यातच सगळं भागवा, हेही सांगितलं. त्याची चूक नव्हती. गोदावरीच्या पात्रात जिथे तिथे वाळू दिसत होती. आमच्या पुण्यात शेजारचे गृहस्थ रोज सकाळी रबरी नळीने स्कूटर धुतात आणि वर उन्हाळा वाढला म्हणून तक्रार करतात. त्या बादलीपाशी बसून मला त्यांची फार आठवण आली, आणि ती चांगली नव्हती.

बिलोलीजवळ

गुरुजींचं गाव बिलोलीहून पुढे, मांजरा नदीच्या अंगाला. कंडक्टर अर्ध्या लोकांशी मराठी बोलत होता, अर्ध्यांशी तेलुगू, आणि माझ्याशी हिंदी, का ते त्यालाच माहीत. नदी म्हणून जे दाखवलं त्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

गुरुजींचे वडील, लिंबाजी आबा, लिंबाखाली बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, अंगावर मांस नाही, पण हात अजून मोठे. बोलायचं तर त्यांच्या उजव्या कानाशी ओरडावं लागे. सूनबाईंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी वाढली. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, ते पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते. भाजी नसली तरी अडत नाही. मी दोनदा मागून घेतली.

आबा सांगू लागले ते असं. तरुणपणी ते तमाशाच्या एका फडाबरोबर मुंबईला गेले होते. तिथे त्या कंपनीच्या माणसाने त्यांची हलगी ऐकली आणि उचलून एका बंद खोलीत नेलं. हलगीचं कातडं वाजवण्याआधी जाळावर शेकावं लागतं, तरच ते कडक वाजतं. खोलीत जाळ करू देईनात, कारण पलीकडेच फिल्मची रिळं, आणि ती ठिणगीसरशी पेटायची. मग आबा प्रत्येक तबकडीच्या आधी मागच्या अंगणात पळत, गवताच्या जाळावर कातडं शेकत, पळत परत येत. एकदा सुरू झालं की तबकडी संपेपर्यंत थांबायला नाही, खोकायला नाही. एक माणूस चाळणीत वाटाणे फिरवून पाऊस पाडायचा, दुसरा पत्रा हलवून ढग गडगडवायचा. पहिल्या तबकडीपासून शेवटच्यापर्यंत हलगी एकट्या आबांची.

मग ऐकली का नाही, मी त्यांच्या कानात ओरडले. तर चित्रपट पुढे उदगीरकडच्या एका तंबूवाल्याने विकत घेतला, गावोगाव दाखवला, पण तबकड्या वाजवायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. पेटी-तबल्यावर भागवलं. आबा दोन मुक्काम चालत तो खेळ बघायला गेले. राणी घोडा फेकत होती आणि पुढे बसलेला पेटीवाला भजनाची चाल वाजवत होता. आबा उठून बाहेर आले.

आता हलगी कुठे आहे, असं मी विचारलं. गुरुजींनी सांगितलं, धम्म घेतला त्या वर्षी आबांनी ती मांजरेत सोडून दिली. लोकांच्या लग्नाला, लोकांच्या मयताला दाराबाहेर उभं राहून वाजवायची आणि उरलेली भाकर पदरात घ्यायची, ते सगळं त्या दिवशी बंद. मी मूर्खासारखं विचारलं, वाजवायला आवडत नव्हतं का? आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "आवडायचं तर. पर वाजवनं वायलं आन् वाजवाया लावनं वायलं."

उदगीरच्या अलीकडे

त्या तंबूवाल्याचे चिरंजीव नारायणराव उदगीरच्या अलीकडे एका गावात राहतात. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

फाट्यावर उतरलो तेव्हा दोघांचीही जीभ टाळूला चिकटली होती. समोर पाणपोई. वर कडुनिंबाच्या डहाळ्यांचं छप्पर, खाली ओट्यावर ओळीने सहा रांजण, प्रत्येकावर काळं गोल झाकण. पाणी द्यायला गंगाबाई नावाच्या एक मध्यमवयीन बाई. त्यांनी आधी आडनावं विचारली. मग मला तांब्या दिला आणि गुरुजींना ओंजळ करायला सांगून वरून धार धरली. गुरुजी वाकले, प्याले, तोंड पुसलं. पन्नाशीचा माणूस, बाराखडी शिकवून पिढ्या वाढवलेला. मी तांब्या तोंडाला लावलेला तसाच खाली ठेवला. गुरुजींनी मला खुणेने प्या म्हटलं. मी प्याले, तहान लागली होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पितानाच माझं लक्ष झाकणाकडे गेलं. परातीएवढं, काळंभोर, जाड. मध्ये भोक, त्यात लाकडी मूठ ठोकून बसवलेली. मुठीभोवती कागद चिकटलेला असल्याची फिकट गोल खूण. हे माझं रोजचं काम आहे, मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. मी गुरुजींना म्हटलं, गुरुजी, ह्याच त्या.

गंगाबाईंनी नारायणरावांना बोलावलं. माणूस वागायला गोड. मला घरात बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, चहा आणि धपाटे मागवले. गुरुजी घराबाहेरच्या ओट्यावर हवेशीर बसतील, असं तेच म्हणाले. गुरुजींचा चहा भिंतीतल्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात गेला. त्यांना ते माझी पेटी वाहायला आणलेला माणूस समजले होते, आणि गुरुजींनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं होतं. हलगीचं नाव मी काढलं नाही.

रिळांचं काय झालं, मी विचारलं. नारायणराव म्हणाले, वडील गेल्यावर ती बांगड्या करणाऱ्याला दिली. पट्टी उकळून वरचं चित्र खरवडलं की खालचं लख्ख निघतं, त्याच्या बांगड्या लई मजबूत होतात.

"राणीसकट?"

"राणीसकट, मॅडम."

आणि तबकड्या? त्या तर वडलांच्या हयातीतच बाद ठरल्या होत्या. उदगीरहून कुणाचा तरी ग्रामोफोन आणून बघितला, तबकडी बाहेर लोंबत होती, तरी कशीबशी बसवली. पण काठाशी सुई टेकवली की ती बाहेरच घसरे. मुंबईवाल्यांनी फसवलं म्हणून वडील मरेपर्यंत शिव्या देत होते. मी सांगितलं, फसवलं नाही हो. ह्या तबकड्या आतून सुरू होतात. सुई मधल्या कागदाशी टेकवायची, ती बाहेर येते, ते तसंच असतं. नारायणराव म्हणाले, असं होय. मग बरंच झालं, झाकणाच्या तरी कामी आल्या. वडील गेल्यापासून तेवढ्याच आहेत बघा पाणपोईला, एक फुटलं नाही. वर अभिमानाने पुढे म्हणाले, "रोज सकाळी राखेनं घासून घेतो. पाण्याचं काम हाय. सोवळं पाळावं लागतं."

राखेनं. रोज. मी चहा अर्धा टाकून पाणपोईकडे धावले.

गुरुजी माझ्या आधी तिथे पोचले होते. सहा रांजणांसमोर उभे होते आणि त्यांचा हात पहिल्या झाकणाच्या मुठीकडे चालला होता. घागरी आणि पोरं घेऊन आलेल्या पाचसात बायका बघत होत्या. गंगाबाई घाईने म्हणाल्या, "गुर्जी, हात लावू नका. बाया समदं पानी वतून देतील." त्या दमदाटी करत नव्हत्या, घाबरल्या होत्या. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि परत कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उचला गुरुजी, बघू कोण ओततंय. मागून नारायणराव आले होते. ते नुसते बाजूला बघत राहिले. गुरुजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मॅडम, मी तिथं हात लावला तर हे लोक खरंच पाणी सांडतील. मग ह्या लेकरांनी काय प्यावं? तुम्ही उचला."

त्या क्षणी मला नारायणरावांइतकाच गुरुजींचाही राग आला. ह्या माणसाच्या बापाचे हात त्या झाकणांवर होते आणि झाकण उचलायला मी पाहिजे होते. पण पाणी तिथल्या पोरांना प्यायचं होतं, मला नाही. मी उचलली. नारायणरावांनी घरून ताटं आणवून रांजणांवर ठेवली. पहिली तबकडी उन्हात धरली. आरशासारखी गुळगुळीत. एक रेघ शिल्लक नाही. दुसरी तशीच. तिसरी, चौथी, पाचवी. बोट फिरवलं तर ते घसरत जायचं. इतकं स्वच्छ काम मी आमच्या संग्रहातसुद्धा पाहिलेलं नाही. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी ओरडत होते. कुणावर, ते आता आठवत नाही.

सहावी वरून साधी होती, रेघा नसलेली बाजू वर. उलटली तर खाली सगळ्या रेघा, आणि अर्धवट कागद. मी गंगाबाईंकडे पाहिलं. त्या ओशाळून हळूच म्हणाल्या, "त्याच्या चिरांत राख अडकून राहायची, निघता निघना. म्हून मूठ उलटी बसवून पालथं घातलं. मालकाला सांगू नका." त्यांच्या कंटाळ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

तबकड्या द्यायला नारायणरावांची हरकत नव्हती. अट एकच, पुण्यात पितळी पाटीवर वडलांचं नाव लागलं पाहिजे. लातूर जिल्हा नवा झालाय, आता जिल्ह्याचा इतिहास लिहितील, त्यात नाव यायला हवं. मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. सहावी तबकडी माझ्या साडीत गुंडाळली. गाडी फाट्यावरून हलल्यावर गुरुजींनी ती मांडीवर मागून घेतली आणि उतरेपर्यंत दोन्ही तळवे तिच्यावर ठेवून बसले. 

लातूर

लातूरला जायचं कारण नव्हतं, पण माझी पेटी एस.टी.च्या टपावर दिवसभर उन्हात भाजली होती आणि यंत्राचा रबरी पट्टा वितळून चिकट गोळा झाला होता. उदगीरला तसा पट्टा मिळेना. लातूरला मिळेल, तो आता जिल्हा आहे, असं प्रत्येक दुकानदाराने सांगितलं.

लातूरला सगळीकडे रंगाचा वास. जिथे तिथे पाट्यांवर 'जिल्हा' हा शब्द नव्याने रंगवणं चाललेलं. चहावाला सुद्धा ग्लास पुढे करताना म्हणाला, आता धाराशिवला खेपा घालायला नको, आमचं आम्ही. ग्लास मात्र तो एकाच बादलीच्या गढूळ पाण्यात बुचकळून काढत होता. नळाला पाणी कधी येतं, असं विचारलं तर म्हणाला, ते बी येईल की, जिल्हा तर झाला. मला इतका वैताग आला की मी त्याच्याशी भांडले. मग त्याने दुसरा चहा फुकट दिला. मराठवाड्यात माणसाला नीट भांडूसुद्धा देत नाहीत.

पट्टा मिळाला नाही. शेवटी एका शिंप्याकडून शिलाई मशीनचा जुना चामडी पट्टा घेतला, कापून, टाके घालून बसवला. मालक कुठे आहेत, असं त्यानेही विचारलं.

पुन्हा बिलोलीजवळ

गुरुजींच्या घरात वीज होती, ती दुपारची काही वेळ असायची. आबांची बाज आत आणली. तबकडी मी ओल्या फडक्याने पुसली, मूठ काढली, चाकावर चढवली. सुई आत, कागदाशी टेकवली. आबांना ऐकू येईल का, ही सगळ्यांचीच काळजी होती. गुरुजींनी त्यांचा उजवा कान कर्ण्याजवळ आणला आणि त्यांचा पंजा उचलून यंत्राच्या लाकडावर ठेवला.

बराच वेळ नुसती खरखर. रांजणाच्या ओलीने तबकडीला फोड आले होते. मग टापा. मग वाटाण्यांचा पाऊस. आणि मग त्या सगळ्यातून हलगी आली, अशी कडकडीत, की दारात उभी असलेली पोरं आत घुसली.

आबांनी डोळे मिटले. लाकडावरची बोटं हलायला लागली, आधी थोडी मागून, मग बरोबर तालात. सूनबाई पदराने डोळे पुसत होत्या, गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटाकडे हलगीचा आवाज जरा उतरला. आबा डोळे न उघडता म्हणाले, "कातडं गार झालं बग. शेकाया दिलं न्हाई." मग म्हणाले, परत लाव. वीज जाईपर्यंत आम्ही तेच करत होतो.

वीज गेल्यावर आबांनी विचारलं, इतकी वर्षं ही कुठं होती? गुरुजी म्हणाले, एका पेटीत होती, आबा. मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं ओरडून सांगितलं. रांजण, राख, झाकणं, वरून धरलेली धार, पाठीमागे घेतलेले हात. गुरुजी मला थांबवत होते, मी थांबले नाही.

 आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय, मी काय करून बसले. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"म्हंजी इतके वरीस माझ्या हलगीखालचं पानी पिले की रं समदे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यास्नी ठावं हाय?"

मी म्हटलं, नाही. पण आजच्या आज कळवते, पितळी पाटी हवी आहे ना त्यांना.

आबांनी पंजा वर केला. "आत्ता न्हाई बाई. आत्ता कळलं तर समदे रांजण पालथे घालतील. दुष्काळ हाय. पाऊस पडू द्या, हिरीला पानी येऊ द्या. मंग सांगा. चांगलं वरडून सांगा."

म्हणून इतके महिने गप्प होते. परवा गुरुजींचा निरोप आला. उदगीरच्या बाजूला पाऊस चांगला झाला आहे, विहिरी भरल्या आहेत, टँकर बंद झाले आहेत.

नारायणराव, तुमच्या पाणपोईच्या सहाही झाकणांवर बिलोली तालुक्यातल्या लिंबाजी सोनकांबळे यांची हलगी होती.